मागचा डावा स्पीकर

कानसाहेबांचं खरं नाव बाजारात विचारलंत तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. घरोघरी जाऊन होम थिएटरचे आवाज दुरुस्त करणारा पन्नाशीचा माणूस. एकदा एका गिऱ्हाइकाकडे पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाले, "उजव्या स्पीकरच्या मागे काहीतरी जिवंत आहे." सगळे हसले. स्पीकर हलवला तर खरंच एक पाल टुणकन बाहेर! तेव्हापासून कानसाहेब हे नाव पडलं ते पडलंच. लोकांनी ते चेष्टेत ठेवलं होतं, यांनी ते मनावर घेतलं.

कामाची त्यांची पद्धत ठरलेली. मीटर नंतर, कान आधी. सोफ्याच्या मधोमध बसायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. एखादा स्पीकर गप्प वाटला की मागे अ‍ॅम्प्लिफायरपाशी जाऊन डावी वायर उजवीकडे नि उजवी डावीकडे लावायची. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा, तिथेच राहिला तर दोष स्पीकरचा किंवा वायरचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन कधीच नाही. या एका पद्धतीवर माणसाने सव्वीस वर्षं संसार चालवला.

त्या संसारात मात्र तीन महिने झाले, आवाज बंद होता. बायको घरीच शिवणकाम करायची. पूर्वी जेवताना तिची टकळी अशी चालायची की हे म्हणत, "अगं, घास तरी गिळू दे." आणि आता कामापुरतं, तेही क्वचित. कानसाहेबांनी याचंही निदान करून टाकलं होतं. तिच्या बहिणीकडे दोन दिवस जायला यांनी नकार दिला होता, त्याचाच हा रुसवा. बसली आहे ना रुसून, बसू दे. आपणही काही कमी नाही! असं म्हणायचे खरे, पण जीव लागत नव्हता. एवढ्याशा कारणावरून कुणी तीन महिने गप्प बसतं का, हा प्रश्न त्यांना घरोघरच्या सोफ्यांवर बसून छळायचा. विचारायला मात्र तोंड उघडेल तर शपथ.

त्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात चपला घालताना त्यांनी सहज वळून पाहिलं. बायको डाव्या हाताला, चौकटीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. पुटपुटतेय काहीतरी, असं म्हणून ते जिना उतरले.

काम दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे होतं. तक्रार नेहमीचीच. सिनेमातलं बोलणं ऐकू येत नाही, संगीत मात्र कानठळ्या बसवतं, आणि खोलीत सतत एक घुमणारा आवाज. कानसाहेबांनी अर्ध्या तासात दोन्ही दुखणी बरी केली. बोलण्याचा मधला स्पीकर कुणीतरी शोभेसाठी कपाटात काचेमागे कोंबला होता, तो बाहेर काढला. घुमणारा आवाज वूफरचा, म्हणजे ढोलासारखे जाड आवाज काढणाऱ्या डब्याचा होता. त्याची वायर विजेच्या जाडजूड वायरला चिकटून गेली होती, ती लांब केली. घरघर गप्प. कोपऱ्यातल्या खुर्चीत डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई विणत बसल्या होत्या, त्यासुद्धा म्हणाल्या, "अगबाई, डोकं हलकं झालं."

इथे थांबायचं की नाही? पण नाही! शेवटची परीक्षा घेतल्याशिवाय ते उठत नसत. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एक सोय असते, प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने 'फस्स' असा आवाज सोडायची. ती चालू करून ते सोफ्यावर डोळे मिटून बसले. समोरचा डावा जरा दबलेला वाटला. पडदा जाड आहे, चालायचंच. मधला उत्तम, समोरचा उजवा उत्तम, मागचा उजवा उत्तम. मागचा डावा जवळजवळ गेलेलाच.

"मागचा डावा बसलाय," त्यांनी जाहीर केलं.

"त्याची काही तक्रार नव्हती हो," डॉक्टरीणबाई दवाखान्यात निघता निघता म्हणाल्या.

"तक्रार तुमची नसेल बाई, माझी आहे. हल्ली मालच असा येतो. तीन महिन्यांत चार घरांतले मागचे डावे स्पीकर बदलायला लावले मी!"

बाई गेल्या. यांनी वायरी उलटसुलट केल्या. मुकेपणा डावीकडेच. म्हणजे स्पीकर. मागचे दोन्ही स्पीकर भिंतीवरून काढून अदलाबदल केली. तरी डावीकडेच. म्हणजे भिंतीतली वायर. पिशवीतून नवी वायर काढून जमिनीवरून सरळ टाकली. तरी डावीकडेच! कानसाहेबांना घाम फुटला. सव्वीस वर्षांत असा हट्टी बिघाड पाहिला नव्हता.

"अहो, वाजतोय की तो," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, तुम्ही विणा."

"विणतेच आहे. पण मला या वयात ऐकू येतंय, आणि तुम्ही काय उगाच त्याच्या मागे लागलाय?"

त्यांना असा राग आला! पेचकस आपटला तो सोफ्याच्या मागे जाऊन पडला. तो काढायला ते सोफ्यावर गुडघे टेकून, तोंड मागच्या भिंतीकडे करून वाकले. 'फस्स' अजून खोलीभर फिरतच होतं. आणि मागचा डावा स्पीकर त्यांच्या उजव्या कानाजवळ खणखणीत वाजला. ते तसेच वाकून राहिले. फेरी पुन्हा आली. आता मागचा उजवा, मघाशी उत्तम असलेला, डाव्या हाताला जवळजवळ मुका होता.

वायर बदलली होती. स्पीकर बदलला होता. एकच गोष्ट जागची हलवली नव्हती, सोफ्यावर बसलेला माणूस.

ते हळूच सरळ बसले आणि उजव्या कानावर तळहात दाबून धरला. खोली विझली. समोर सासूबाई काहीतरी विचारत होत्या, काळजीने विचारत होत्या, पण दिसत होते ते फक्त त्यांचे ओठ.

ओठ! सकाळी दारातले बायकोचे ओठ असेच हलत होते. आणि जेवायला ती बसते कुठे? शेगडीजवळ पडतं म्हणून त्यांच्या डाव्या हाताला, लग्न झाल्यापासून. फोन हे कायम उजव्या कानाला लावायचे, तेव्हा कळणार तरी कसं? पंखा चालू, भांड्यांचा आवाज चालू, आणि ती मान खाली घालून हळू बोलणारी. आणि आपण? आपल्याला वाटायचं काहीतरी किरकोळ असेल, म्हणून ताटातून वर न बघता म्हणायचो, "बघू." विचारलं तर बघू, नाही विचारलं तरी बघू. कपाळ माझं! ती रुसली नव्हती. ती काहीतरी सांगून थांबली होती.

त्यांनी मुकाट्याने जुन्या वायरी होत्या तशा लावल्या, स्पीकर जागच्या जागी टांगले.

"सापडला का बिघाड?" सासूबाईंनी मोठ्याने विचारलं.

"सापडला. स्पीकर चांगला आहे तुमचा. माझाच कान गेलाय."

म्हातारीने सुया खाली ठेवल्या.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. बायको शिवणयंत्रावर वाकली होती. त्यांना अवेळी आलेलं पाहून तिने यंत्र थांबवलं. ते स्टूल ओढून तिला उजव्या हाताला घेऊन बसले.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आज कळलं."

तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. विश्वास बसला नव्हता, दिसतच होतं. मग ती उठली, त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि उभी राहिली. थोडा वेळ गेला.

"काही बोललीस का?" त्यांनी विचारलं.

तिने तोंडावर पदर घेतला. मग ती त्यांच्या समोर येऊन जमिनीवर बसली.

"मला वाटलं, तुम्हाला काही पडलेलीच नाही," ती म्हणाली. आता ती मोठ्याने बोलत होती. "दोनदा सांगितलं हो जेवताना. दोन्ही वेळा बघू म्हणालात. आज सकाळी पण दारात सांगितलं, चला माझ्याबरोबर डॉक्टरकडे, एकटीने जायची भीती वाटते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि निघून गेलात!"

"काय सांगितलं होतंस? पुन्हा सांग. मी ऐकतोय."

तिने त्यांचा हात धरला आणि पदराखालून आपल्या काखेपाशी नेऊन ठेवला. बोटांना काहीतरी टणक लागलं, कातडीखाली रुतून बसलेलं. त्यांनी दाबून पाहिलं. ते जागचं हललं नाही.

"पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ही गाठ वाटाण्याएवढी होती," ती म्हणाली.

कानसाहेबांना शब्द न् शब्द ऐकू आला.