तिसऱ्या कडव्यातली हळद

आमच्या मलकापुरात एक गायक आहे. पोरासोरांना त्याच्या व्हिडिओंचं वेड. त्यातल्या हिरॉइनींचे ब्लाउज मी शिवते, त्यामुळे त्याची अक्कल किती ते मला चांगलं ठाऊक. पहिल्या कडव्यात पोरगी लाजते. दुसऱ्यात नोकरीवाला नवरदेव येतो. तिसऱ्यात तिला हळद लागते आणि हा फाटकाशी मान खाली घालून मुळूमुळू रडतो. गाणं बदलतं, पोरगी बदलते, रडगाणं तेच. एकदा मी विचारलं, "काऊन रे, फाटक उघडून अंदर नाही जात तू?" तर म्हणे, "ताई, मंग गाणंच संपते ना!"

एका शूटिंगला त्याची हिरॉइन आलीच नाही. माझी धाकटी बहीण ब्लाउज द्यायला गेली होती, त्याने तिलाच पाटावर बसवलं. मुंडावळ्या बांधल्या, खरीखुरी हळद लावली. घरी आल्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पुढे पिंपळगाव राजाला तिची सोयरीक जमली. मुलगा तिला मनापासून आवडला होता. साखरपुडा झाला आणि कुणीतरी तो व्हिडिओ तिच्या होणाऱ्या सासूला दाखवला. निरोप आला, "एकडाव हळद लागलेली पोरगी आमाले नको."

मी गायकाला फैलावर घेतलं. "चाल, सांग त्याइले, नाटक होतं म्हणून. बाकी अक्कल चालवू नको."

आम्ही दोघं गेलो. दारात मुलाची आई उभी होती. "काकू, ते नाटक होतं," एवढं तो नीट बोलला. मग सवयीचा गुलाम तो! मान खाली गेली आणि तो मुळूमुळू रडायला लागला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्या बाईंनी मात्र त्याला पाणी दिलं, पदराने स्वतःचे डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, "केवढा जीव हाये ह्या पोराचा तिच्यावर! याच्याशीच लावून द्या तिचं. आमच्या पोराले कायले मधात आणता?"

सोयरीक मोडली. तो मूर्ख परतीच्या वाटेवर विचारत होता, "ताई, चुकलं का काही?"

बहीण त्याला एका शब्दाने बोलली नाही. तिने मलाच विचारलं, "तुले ठाऊक होतं ना तो कसा हाये? मंग मलेच काऊन नाही नेलं बोलायले?"

मला ते सुचलंच नव्हतं.