गाव नाही म्हणालं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, देवापुढं उभं राहूनसुद्धा नाही. देवापुढं तर मी दरवर्षी नारळ फोडत आलो — जसं काही माझंच त्याच्याकडं येणं निघत होतं.

आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. राग आलाय म्हणून. परवा गावातली पोरं शाल घेऊन आली. म्हणाली, दादा, निजामाच्या काळात रस्ता नव्हता, मोटार नव्हती, तेव्हा तुम्ही आजाऱ्यांची गाडी चालवायचात, तुमचा सत्कार करायचाय. मी शाल घेतली. कळलं का? घेतली, पांघरली, वर हात जोडले. या वयातसुद्धा मला नको म्हणता आलं नाही? मग कधी येणार होतं?

गाडी खरीच होती, त्यात खोट नाही. आमचं गाव मुरुमच्या अलीकडं. मध्ये काळ्या रानातली वाट आणि एक ओढा. पावसाळ्यात चिखल असा, की पायातली वहाण तिथंच राहायची. डॉक्टर मुरुमला. साप चावलेला, पटकी झालेला, बाळंतपणात अडलेली — माणूस वाटेतच जायचा. म्हणून आम्ही चार-पाच तरण्यांनी एक जुनी दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, नीट करून घेतली. बैल माझे. मेहबूब पिंजारी माझ्याच वयाचा. त्यानं कापूस पिंजून जाड गादी केली, आजाऱ्याला धक्के बसू नयेत म्हणून. टाके त्याच्या बायकोनं घातले, हमीदानं. कुणाकडून काही घ्यायचं नाही, जातपात बघायची नाही, हाक आली की निघायचं — असं मारुतीच्या पारावर बसून ठरवलं होतं.

मेहबूब एकदाही चुकला नाही. ओढ्यात चाक रुतलं की पहिला तोच खाली उतरायचा. मी? मी कासरा धरून वर बसायचो, आणि गाव मला गाडीवाला म्हणायचं.

मग तो पोळा आला. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. आदल्या सांजेला लोणी-हळदीनं खांदे मळायचे, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असं बैलाला सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी सजवून वेशीतल्या तोरणाखालून न्यायचं. पहिला मान पाटलांच्या जोडीचा, पिढ्यान्‌पिढ्या. त्या वर्षी पाटीलच म्हणाले, आजाऱ्यांसाठी राबलेली जोडी पुढं राहू द्या. म्हणजे माझी. आमच्या घराला गावात कुत्रं विचारत नव्हतं, आणि आता पाटलांच्या आधी आम्ही! माझा बाप रडला हो त्या दिवशी. मान कशासाठी मिळाला होता, एवढं ध्यानात ठेवा.

दुपारी मी शिंगांना बेगड लावत होतो. मेहबूब आला. हमीदा सकाळपासून अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. तो म्हणाला, "बैल जुंप रं. तिला आता सोसंना झालंय."

मी त्याच्याकडं बघितलं नाही. बैलांकडं बघितलं. अंगावर झुली, गळ्यात घुंगुरमाळा. चिखलातून मुरुमला जाऊन परत येईपर्यंत मिरवणूक संपली असती. एवढंच. यापलीकडं माझ्या मनात काहीच नव्हतं — धर्म नव्हता, रीत नव्हती, मुक्या जनावराची दयासुद्धा नव्हती.

पण तोंडातून निघाली ती रीतच. म्हणालो, पोळा आहे, गावाला विचारावं लागेल, पाटलांकडं जाऊन येतो. निघालो, आणि देवळामागं जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. विचारलं तर पाटील हो म्हणतील, हीच तर भीती होती. जाऊन यायला लागला असता तेवढा वेळ मी तिथं काढला. ती तिकडं कळांनी तडफडत होती, आणि मी इकडं उभा होतो — खोटं खरं दिसावं म्हणून! अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मारलेली नाही.

परत येऊन म्हणालो, "गाव न्हाय म्हणतंय."

तो म्हणाला, "पाटील बी?"

"व्हय. पाटील बी."

दुसऱ्या कुणाकडं बैल मागायला तो गेला नाही. कशाला जाईल? सगळं गाव नाही म्हणालं होतं ना! त्यानं घरची बाज काढली, भावाला आणि दोन शेजाऱ्यांना घेतलं, आणि चौघांनी ती खांद्यावर उचलली. हमीदानं शिवलेली गादी माझ्या गोठ्यात, गाडीतच राहिली.

मी तोरणाखालून गेलो. हलगी वाजत होती, लोक नाव घेत होते. मला आनंद झाला. हेही लपवत नाही — मला आनंद झाला होता.

ओढ्याच्या पलीकडं हमीदा गेली, पोटातल्या जिवासकट.

पाटील भडकले. चारचौघांत मला विचारलं, मला का नाही कळवलं? माझी जोडी दिली असती, माणसापुढं पोळा कसला? मी म्हणालो, मला तरी कुठं कळलं, ते परस्पर निघाले. पाटील मयतीला गेले, तर मेहबूबनं त्यांच्याकडं पाठ फिरवली. पाटलांना वाटलं, दुःखानं.

त्यानंतर तो गाडीकडं फिरकला नाही. पाटलांना रामराम घालणं सोडलं. लोक आधी म्हणाले, बायको गेली, डोकं फिरलं. पुढं दिवस बिघडत गेले तसं म्हणायला लागले, राज्य त्यांचं आहे ना, माज आलाय. हे सगळं पारावर बोललं जायचं, आणि मी तिथंच बसलेला असायचो. आजाऱ्यांची गाडी अजून मीच चालवत होतो, मान खात होतो. बोलायला माझं तोंड कुठं रिकामं होतं?

निजामाचं राज्य गेलं त्या हंगामात मुसलमानांच्या घरांत भीती शिरली. मेहबूब म्हाताऱ्या आईला घेऊन निघाला. पाटील वाट अडवून उभे राहिले, मी त्यांच्या मागं. ते म्हणाले, "जाऊ नगंस. तुझ्या दारात मी बसतो, बघू कोण येतंय."

मेहबूब म्हणाला, "तवा कुठं हुता, पाटील?"

पाटलांना ते कळलं नाही. मला कळलं. एका वाक्याचं काम होतं. मी बोललो असतो तर त्यानं बोचकं खाली ठेवलं असतं, कदाचित माझा गळा धरला असता, पण राहिला असता. मी जमिनीकडं बघत राहिलो. ती दोघं गेली. कुठं पोचली, पोचली की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

परत येताना पाटलांनी मला विचारलं, "म्या त्याचं काय वाईट केलं रं?"

मी म्हणालो, "काई न्हाय, पाटील. ती जातच तसली."

पाटलांना ते पटलं. पुढं जिवंत असेपर्यंत ते कुठल्याच मुसलमानाच्या घराची पायरी चढले नाहीत.