पेठच्या पाड्यावर, बारसं न झालेल्या माणसाकडे

२००१च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या भित्तिपत्रकांचा मजकूर मी लिहिला होता. मोहीम सर्वसमावेशक हवी, असं समितीचं म्हणणं. म्हणून मी वर एक संस्कृत ओळ घातली, जी शहरी-ग्रामीण, साक्षर-निरक्षर अशा कुणालाच कळू नये, आणि खाली ठळक अक्षरांत 'आपले नाव नोंदवा'. मग आपलं वाङ्मय डोंगरात कसं शोभतं ते पाहायला निघालो.

जाणार असाल तर नाशिकहून पेठची सकाळची पहिली एसटी धरा. तिकीट तेव्हा तिसाच्या आत होतं. घाटात खिडकीची जागा सोडू नका. पेठच्या स्टँडवर चहा-भजी उरकून घ्या. पुढे पाड्यापर्यंत तासभर चाल आणि वाटेत काही मिळत नाही. माझ्यासोबत पाड्याच्या शाळेतले गुरुजी होते. घरोघरी जनगणनेचा फॉर्म भरायचं काम त्यांच्याकडे.

"तुमची वरची ओळ कुणाला कळली नाही, साहेब," चढावर ते म्हणाले. "खालची मात्र साऱ्यांना पाठ आहे."

अर्ध्या यशावर मी खूश.

तिसऱ्या घरी सोमीबाई नागलीच्या भाकरी थापत होत्या. मुलगा बाजाराला गेलेला, सून कमळी भिंतीला टेकून बसलेली.

"माणसं किती?" गुरुजींनी विचारलं.

"तीन," सोमीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात झोळीतून चौथ्याने टाहो फोडला.

"आणि हे?"

"ती नाय धरायची, गुरुजी. अजून नाव कुटं ठेवलंय? तुमच्याच कागदावर हाय ना, नाव नोंदवा म्हनून."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तव्याकडे.

"हिला धरा, गुरुजी," कमळी हळूच म्हणाली. "पहिली बारशाआधीच गेली. तिचं कुटंच काय लिवलेलं नाय. कोन इचारलं तर ह्या आत्याबाई हीच पहिली म्हनून सांगत्यात."

सोमीबाई पुढची भाकरी थापत राहिल्या. तव्यावरची मात्र एका बाजूने करपली.

गुरुजींनी लिहिलं: मुलगी, वय शून्य, नाव ठेवायचं आहे. मग पुढच्या रकान्याशी आले. तो लग्न झालेल्या बायकांसाठी असतो.

"हयात मुलं किती?"

"एक."

"जन्मलेली एकूण?"

कमळीने सासूकडे पाहिलं. सोमीबाईंनी पीठ लागलेला हात पदराला पुसला.

"दोन," त्या म्हणाल्या. "दोन लिवा, गुरुजी."

आकडा कुठे लिहिला ते कमळीने दाखवायला लावलं आणि त्यावर बोट ठेवलं. मला ताटात भाकरी आणि लसणाची चटणी मिळाली. करपलेली बाजू मीच मागून घेतली.

नाशिकला परतल्यावर संस्कृत ओळ मी स्वतः खोडली आणि लिहिलं, 'बारसं व्हायचं असलं तरी बाळ धरा.' समितीतल्या एकाला ही भाषा फार घरगुती वाटली. गणना घरोघरीच चालू आहे, एवढंच म्हणालो.

ती पहिली लोकसंख्येच्या आकड्यात आली नाही, हे मला ठाऊक आहे. पण पेठला कसं जायचं असं कुणी विचारलं, की एसटीची वेळ सांगून झाल्यावर मी आणखी एक सांगतो: तिथे कुणा बाईला लेकरं किती म्हणून विचारलंत, तर पहिल्या उत्तरावर उठू नका.