घरबसल्या लागलेला चेंडू

सोफ्यावर बसून, टीव्हीवरच्या सामन्यातला चेंडू चुकवताना जखमी झालेला माणूस नाशकात एकच आहे, आणि ते माझे मामेसासरे आहेत. ही घटना पावसाळा सरल्यानंतरच्या एका रविवारी दुपारी, इंदिरानगरमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये घडली. गोलंदाजाने चेंडू आखूड टाकला, तो उसळून पडद्याबाहेर आला, मामा उजवीकडे वाकले आणि शोकेसचा कोपरा त्यांच्या भुवईला लागला. दोन टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी कसे लागले म्हणून विचारले, तेव्हा मामा म्हणाले, "आखूड टप्प्याचा होता. सोडून द्यायला हवा होता." शोकेस त्या जागी त्यांचा मुलगा शाळेत होता तेव्हापासून आहे. मामाही त्याच सोफ्याच्या त्याच टोकाला बसून इतकी वर्षे उजवीकडेच वाकत आले. शोकेस त्यांना आजवर कधी लागले नव्हते. ही गोष्ट त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

मामा सातपूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासणाऱ्या खात्यात होते. निवृत्त झाले त्याच सुमारास त्रिमिती टीव्ही बाजारात आले आणि मामांनी एक घरी आणला. त्यावर खास प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्या लवकरच बंद पडल्या. पुढे कंपन्यांनी तसे टीव्ही बनवणेही थांबवले. मामांनी या दोन्ही घडामोडींची दखल घेतली नाही. त्यांच्या रिमोटवर एक बटण आहे. ते दाबले की कोणतेही साधे चित्र पडद्यावर दुहेरी होते, आणि काळा चष्मा लावला की त्याला खोली येते. एवढ्या बटणाच्या आधारावर मामांचे घर क्रिकेट, कबड्डी, टेनिस आणि जे काही थेट चालू असेल ते त्रिमितीत बघत आले आहे. अट एकच, सामना थेट हवा. हायलाइट्स लागले की मामा उठून गॅलरीत जातात. "शिळ्या चेंडूला काय वाकायचं?" हे त्यांचे म्हणणे. कबड्डीत चढाई करणाऱ्याने पाय लांबवला की ते स्वतःचे पाय सोफ्यावर घेतात. पोहण्याच्या शर्यतीत मधूनच चष्म्याच्या काचा पुसतात. भालाफेकीच्या वेळी मामींनी समोरून चहा आणायचा नाही, मागून आणायचा, असा घरात नियम आहे.

चष्मे चार आहेत. ते मामींच्या पैठणीच्या कपाटात, मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले असतात. त्यातला एक मामांचा. तो डाव सुरू झाल्यावर चढतो आणि डाव संपल्यावरच उतरतो. उरलेले तीन आलेल्या मंडळींत षटकागणिक फिरतात. ज्याच्याकडे चष्मा नाही त्याने पडद्याकडे बघायचे नाही, धावसंख्या विचारायची. भद्रकालीत घड्याळे आणि चष्मे दुरुस्त करणारे शेखभाई या चष्म्यांचे सेल बदलून देतात, म्हणून त्यांची पाळी दोन षटकांची असते. मामांशी वाद घालण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच आहे.

"भाऊ, कशाला वाकलात? यॉर्कर होता तो. पायापाशी पडला," एकदा शेखभाई म्हणाले.

"मग पाय वर घ्यायला हवे होते," मामा म्हणाले.

मामींनी चष्मा कधी लावला नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून उघड्या डोळ्यांनी ते दुहेरी चित्र बघतात. "मला दोन-दोन बॉलर दिसतात. विकेट मात्र एकच पडते," एवढीच त्यांची तक्रार. चष्मा देऊ केला की म्हणतात, "माझा नंबर आला की नेमकं दूध उतू जातं."

मागच्या हिवाळ्यात मी मामांना गोल्फ क्लबच्या मैदानावर क्रिकेटचा एक चार दिवसांचा सामना बघायला नेले. मांडवाखाली चांगली जागा मिळाली होती. मामा सकाळभर बसले आणि उपाहाराच्या वेळी म्हणाले, "जावईबापू, चला घरी. इथे सगळं चपटं दिसतंय. घरी खोली जास्त आहे." हे वाक्य मी पुढे अनेकांना विनोद म्हणून ऐकवले. त्याच सुमारास चहा ओतताना मामांची धार कपाऐवजी बाजूला बशीत पडू लागली होती. मामी त्यांना म्हणत, "लक्ष कुठे असतं? मॅच संपली."

टाक्यांची बातमी पुण्याला गेली. तिथे नोकरी करणारा त्यांचा मुलगा दिवाळीला आला तो टीव्ही बदलायचा असे ठरवूनच. हा डबा आता भंगारातही कोणी घेणार नाही, आणि यापायी उद्या बाबांचे डोके फुटेल, असे त्याचे म्हणणे होते. नवा सपाट, पातळ टीव्ही भिंतीवर बसवून द्यायला तो तयार होता. मामांनी मला गॅलरीत बोलावून घेतले.

"साधा टीव्ही घरोघर आहे," ते म्हणाले. "तो बघायला शेखभाई भद्रकालीतून इकडे कशाला येतील? तुम्ही तरी याल का?"

मी येईन म्हणालो. मामांनी ते ऐकून घेतले, मानले नाही. आत जाऊन त्यांनी मुलापुढे अट ठेवली. येत्या रविवारी चष्मा लावून पूर्ण सामना बघायचा. चेंडू अंगावर आला आणि अंग हलले नाही, तर टीव्ही खुशाल घेऊन जा.

"बाबा, मी कशाला हलेन?" मुलगा म्हणाला.

"बघू ना," मामा म्हणाले.

रविवारी मामांनी चष्मे फिरवणे बंद ठेवले. मुलाला एक, शेखभाईंना एक, मला एक. मुलगा हाताची घडी घालून मधोमध बसला. पहिल्या काही षटकांत गोलंदाजांनी चेंडू पुढेच टाकले. मामा पुटपुटत होते, "आपट रे जरा, आपट." मग वीज गेली. ती परत आली की टीव्ही साध्या चित्रावर सुरू होतो, आणि बटण दाबायचा मान मामांचा असतो. मामांनी बटण दाबले. रिमोटमधले सेल संपत आले होते. चित्र साधेच राहिले. मामांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि म्हणाले, "हं. आता बघा खोली."

पुढचाच चेंडू आखूड होता. मामा वाकले. शेखभाईंनी चष्मा काढला, पडद्याकडे पाहिले, मामांकडे पाहिले, चष्मा पुन्हा लावला आणि तेही वाकले. ते वाकले म्हणून मीही वाकलो. मुलगा जागचा हलला नाही.

मामा सरळ बसले. "हलला नाहीस," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "ठीक आहे. घेऊन जा."

"बाबा, टीव्ही साधा चालू आहे."

"तुझा चष्मा नीट बसला नसेल."

मुलाने स्वतःचा चष्मा काढून मांडीवर ठेवला. पडद्यावर एकच गोलंदाज होता. मामी दारातून म्हणाल्या, "आज मलासुद्धा एकच दिसतोय."

"बाबा, डाव्या डोळ्यावर हात ठेवा," मुलगा मामांच्या भुवईकडे बघत म्हणाला.

"ओव्हर संपू दे."

षटक संपले. मामांनी चष्मा काढला आणि डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. भुवईवरचे टाके उजव्या बाजूला होते.

"कोण बॅटिंग करतंय?" मुलाने विचारले.

"आवाजावरून सांगू का?" मामा म्हणाले.

टीव्हीचा आवाज मामींनी बंद केला. शेखभाई खाली बघत चष्म्याची काच सदऱ्याला पुसत राहिले. खोली दिसायला दोन डोळे लागतात, हे तिथल्या सगळ्यांच्या आधी त्यांच्या ध्यानात आले असणार. कधीपासून, असे मुलाने विचारले. मामा म्हणाले, बरेच दिवस झाले, आधी कडेने अंधारले, मग मधे. सांगितले का नाही, असे मामींनी विचारले.

"एका डोळ्याच्या माणसाकडे थ्री-डी बघायला कोण येतं?" मामा म्हणाले.

"लोक टीव्हीकडे येतात का हो?" मामी म्हणाल्या आणि आत गेल्या. दूध उतू गेले नव्हते. तरी त्या बराच वेळ आतच होत्या.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. डावा डोळा औषधाचे थेंब नियमित घातले तर टिकेल, मात्र तपासणीला येत राहावे लागेल. मुलाने रजा वाढवली. टीव्हीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी त्याने शेखभाईंना मदतीला घेतले, शोकेस उचलून आतल्या खोलीत ठेवले आणि रिमोटमध्ये नवे सेल घातले. थेंब मामी घालतात, सकाळी आणि संध्याकाळी. त्या वेळी सामना चालू असला तर षटक संपेपर्यंत थांबतात.

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा शेखभाई आधीच येऊन बसले होते. मामांनी फडके सोडले, तीन चष्मे वाटले आणि चौथा स्वतःचा चष्मा मामींपुढे धरला. मामींनी गॅस बंद केला, पदराने हात पुसले आणि चष्मा घेतला. शोकेस गेल्याने सोफ्याच्या उजवीकडे जागा झाली होती. तिथे खुर्ची घेऊन त्या बसल्या. मामांनी बटण दाबले आणि विचारले, "दिसतंय का?"

"एकच दिसतोय," मामी म्हणाल्या. "पण फार जवळ आलाय."

दुसऱ्या षटकात गोलंदाजाने चेंडू आपटला. मामी वाकल्या. वाकताना त्यांनी मामांचा दंड धरून त्यांनाही खाली ओढले. चेंडू दोघांच्या डोक्यावरून गेला. पंचांनी तो वाइड दिला.