अखेरच्या चालीसाठी ढकललेलं ऑपरेशन

"लॅरिंक्सचा कॅन्सर आहे." अमरावतीच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा, म्हणजे घशातला तुकडा काढून तपासल्याचा, रिपोर्ट पुढे केला. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र. "ते पूर्ण काढावं लागेल. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्याल. याच आठवड्यात दाखल व्हा."

तीन महिने आवाज बसला होता. मी ज्येष्ठमध चघळत राहिलो. तुम्ही तसं करू नका.

चाळीस वर्षं मी अकोल्यात आमच्या मंडळाच्या भीमगीतांना चाली देतो. नोटेशन लिहीत नाही. गाऊन दाखवतो, गायिका वंदना उचलते. जयंतीला जुनं गाणं चालत नाही, दरवर्षी नवं लागतं. माझा आजार कळताच अध्यक्षांनी फ्लेक्स छापला: 'गुरुजींची अखेरची अजरामर रचना'. रचना व्हायची होती. अजरामर आधीच झाली होती.

मी हसलो, आणि भुललोही. थोरांची शेवटची कृती सर्वांत थोर, असं पुस्तकांत वाचलं होतं. ऑपरेशन जयंतीच्या पुढे ढकललं.

बायको म्हणाली, "गाणं राह्यलं त चालते. तुमी राह्यले पायजे."

दोन आठवडे मी पेटीपुढे बसायचो, उठायचो, अंगणात येरझाऱ्या घालायचो. शेवटी चाल झाली: चार राग, तीन ताल, नऊ मिनिटं. एव्हाना जिना चढताना धाप लागत होती. फाटक्या आवाजात चाल वंदनाला शिकवली. तिनं दोनदा म्हटली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

"गुरुजी, राग नोका मानू. हे गाणं नाई, तुमचा सत्कार हाय. मले श्वास घ्याले कुठंच जागा ठेवली नाई."

मला जिना आठवला. सकाळीच अमरावती गाठली.

"एवढे दिवस काय करत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजरामर होत होतो."

ते हसले नाहीत. गाठ वाढली होती. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी केलं. माझ्या आवाजातला तो शेवटचा विनोद. तोही पडला.

जयंतीला मी वॉर्डात, नाकात नळी. मंडळानं पहिल्यांदाच जुनं गाणं म्हटलं. वंदनानं फोनवर ऐकवलं. कोणाचं काही बिघडलं नाही.

आता मी पेटीवर वाजवतो, ती ऐकून उचलते. मधे गाऊन अडवायला मी नाही, त्यामुळे ती हवं तिथं श्वास घेते. चाली आखूड झाल्या. सुधारल्या का, ते अध्यक्षांना विचारू नये. गळ्याचं छिद्र रोज साफ करावं लागतं. ते बायको करते. तिचे आभार पाटीवर लिहिले, तर तिनं शुद्धलेखन तपासलं.

यंदाच्या जयंतीला नवं गाणं झालं. फ्लेक्स मात्र तोच. 'अखेरची'वर कागद चिकटवला होता. वाऱ्यानं त्याचा कोपरा उचलला होता. स्टेजवर चढण्याआधी मी तो अंगठ्यानं दाबून बसवला.