मडक्यासमोरची जागा

१९ एप्रिल. बाळापूरच्या लग्नाला दोन दिवस उरले होते आणि मी लांब रोटीसाठी गव्हाचं पीठ कपड्यातून गाळत होते. अकोल्यात मी लग्नाच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. वरण-भाजी कोणीही करतं. लोक माझ्याकडे येतात ते रोटीसाठी. सैल भिजवलेली कणीक परातीत आपटून तिला तार आणायची, कोपरापर्यंत हातावर ओढायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. हे काम माझ्याकडची जुनी रोटीवाली, मावशी करते. तिच्या हाताखाली दोघी.

त्या सीझनला रोट्या फाटत होत्या. मी गहू बदलला, चक्कीवाल्याशी भांडले, नवी मडकी आणली. तेल्हाऱ्याच्या लग्नात तर वरबापानंच विचारलं, “ताई, ह्या रोट्या हायेत का चिंध्या?”

गाळताना माझी पाठ चुलीकडे होती, तिथे तिघी नमुन्याच्या रोट्या टाकून पाहत होत्या. एरवी मावशीची परात घुमते. त्या दिवशी ओलं फडकं ठेवल्यासारखा आवाज येत होता. वळून पाहिलं तर मावशी डाव्या हातानं आपटत होती. उजवा मांडीवर पडलेला.

“हाताले काय झालं?”

“रात्री दबला असन.”

“मावशीचा हात संपावर गेला,” हाताखालच्या दोघींतली धाकटी हसली.

“तुयी जीभ जाईन त बरं होईन.”

“मावशी, हात वर करा.”

तो खांद्याच्या वर गेलाच नाही.

मीठ घ्यायला डबा उघडला, तर आत दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट, जवळजवळ रिकामं. “या कोणाच्या?” धाकटी हळूच म्हणाली, “तिघींच्या.” आता ती हसत नव्हती. तिसरी चुलीत लाकूड सारत राहिली. तेही डाव्या हातानं.

“मले सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं असतं त तुमी मांग भाजी चिराले बसवलं असतं,” मावशी म्हणाली.

खरं होतं. लग्नात रोटीवाली मांडवाच्या तोंडाशी बसते, पाहुणे उभे राहून बघतात. भाजी चिरणाऱ्या मागे, भांडी घासणाऱ्यांजवळ. ती पुढची जागा टिकवायला तिघी गोळ्या खात होत्या, आणि मी गव्हाला दोष देत होते. यांच्याशिवाय रोटी टाकणारं माझ्याकडे कोणी नव्हतं. लग्नं अजून दोन महिने होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळापूरला फोन केला. रोटी होणार नाही, पुऱ्या करते.

“मंग तुमाले कायले बोलावलं?” मुलीचा मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

मी ऑटो बोलावला, तिघींना घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे गेले. बाकावर आधीच दोन बाया होत्या. मावशीनं ओळखल्या, दुसऱ्या ऑर्डरवाल्याच्या रोटीवाल्या. आम्हाला पाहताच त्यांनी पदर पुढे ओढून उजवा खांदा झाकला. मी नंबर लावला आणि त्या दोघींना सरकून आमच्या तिघींना जागा द्यायला सांगितलं.