कुंती बरी की हरळी

सक्करदऱ्याला आम्ही ज्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो, त्या घरच्या मालक-मालकिणीचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं: पुढच्या अंगणात लावायचं काय? काका नुकतेच सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. साहेबांच्या बंगल्यांवर जाता-येता जन्मभर त्यांनी हिरवळी पाहिलेल्या, म्हणून त्यांना लॉन हवं होतं. काकूंना हवी होती कुंतीची झुडपं, कुंपणालगत ओळीने.

"बारा महिने हिरवी राहते, फुलं देते, अन् पाण्यासाठी कोनाच्या पाया पडत नाही," काकू म्हणायच्या.

"अन् तिच्यावर बसशीन कशी तू?" काका विचारायचे.

"मले बसाले वेळ हाय कुठं?"

मी तेव्हा नवी नवरी. कोकणातल्या खाडीकाठच्या खेड्यातून थेट नागपूर. शाळा सातवीतच सुटली होती, कारण पुढची शाळा खाडीच्या पलीकडे आणि घरी धाकटी भावंडं सांभाळायला दुसरं कोणी नाही. आमचे हे सदरमध्ये एका कापडाच्या दुकानात कामाला. सकाळी गेले की दिवेलागणीला परत. दिवसभर माझ्या जिवाला एकच घोर असायचा, या खोल्या आपल्या हातून जाऊ नयेत. त्याला कारणही होतं. पहिल्याच आठवड्यात नळावर शेजारणीने मला बाजूला घेतलं होतं.

"एक सांगून ठेवते वं. त्या घरात कोनाची बाजू नको घेऊ. तुमच्या आधीच्यानं गच्चीच्या रंगावरून काकाची बाजू घेतली. महिन्याभरात सामान रिक्षात."

त्या दिवसापासून मी काका बोलले की मान हलवायचे आणि काकू बोलल्या की तीच मान पुन्हा हलवायचे.

खरं तर मला दोघंही जवळचे. पहिल्या उन्हाळ्यात मला ऊन लागलं. आमच्याकडे घाम येतो, पण असं भाजत नाही, त्यामुळे मी भर दुपारी उघड्या डोक्याने कपडे वाळत घालत होते. तापाने फणफणले तेव्हा काकूंनी मला उचलूनच आपल्या कूलरपुढे निजवलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं चमच्याने पाजलं. "मायबाईनं डोक्यावर पदर घ्यायचं शिकवलं नाही का तुले?" असं रागावत होत्या आणि वाळ्याच्या पंख्याने वारा घालत होत्या. माझी आई इतक्या लांब, तिला कळलंसुद्धा नाही. मी मात्र त्या पंख्याचा वास विसरले नाही.

पावसाळा धरला तसा काकांनी तोडगा काढला. फाटकापासून ओट्यापर्यंत फरशीची वाट होती. वाटेच्या डावीकडे लॉन, उजवीकडे कुंती. वर्षभर पाहायचं आणि पुढच्या गणपतीत निकाल.

"निकाल कोन देईन?" काकूंनी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी सुपातले तांदूळ आणखीच मन लावून निवडायला लागले.

"हे पोरगीच देईन," काका म्हणाले. "कोकनातली हाय. हिरवं हिच्यापेक्षा जास्त कोनी पाहिलं हाय?"

रात्री ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्या दिवशी तू आजारी पड."

हरळी लावायची तऱ्हा मी तिथेच पाहिली. काकांनी कुठूनशी पोतंभर हरळी आणली, तिचे बारीक तुकडे केले, शेण, माती आणि पाण्यात कालवले आणि तो काला खुरप्याने जमिनीवर पसरायला बसले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, बोटं शेणाने माखलेली.

"अंगण सारवून राहिले का गवत लावून राहिले?" काकू ओट्यावरून म्हणाल्या. "सारवून राहिले असान तं घरातूनही घ्या एक हात."

पलीकडे त्यांनी स्वतः खड्डे घेतले आणि कुंतीची रोपं लावली. मी आळीपाळीने दोघांच्या हाताखाली. इकडे शेण कालव, तिकडे पाणी आण.

त्यात नरखेडहून काकूंचे भाऊ मोटारसायकलवर आले. त्यांची संत्र्याची बाग आणि कपाशीचं वावर. फाटकातच गाडी उभी करून ते काकांकडे बघत राहिले.

"भाऊजी, हे काय लावून राहिले?"

"लॉन."

त्यांनी वाकून काल्यातला एक तुकडा उचलला. "अवो, हे तं हरळी होय! आमचा बाप हे खंदू खंदू म्हातारा झाला, आता मी खंदून राहिलो. अन् तुमी लावून राहिले? आमच्या वावरात या ना. गाडीभर न्या, वरून जेवू घालतो!"

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. भाऊ मग कुंतीकडे गेले, पान चुरगाळून वास घेतला. "हे बरं हाय. आमच्या संत्र्याच्या भावकीतलं दिसते."

"पाहा," काकू म्हणाल्या. मी मान हलवली. काका माझ्याकडे पाहत होते, मग त्यांच्याकडे पाहूनही हलवली.

हिवाळा आला आणि हरळीने काकांची लाज राखली. तोवर ती दाट विणली गेली होती. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सकाळच्या उन्हात ते हिरवळीवर सतरंजी टाकून बसायचे आणि मला पेपर वाचायला सांगायचे. सुरुवातीला मी एकेका शब्दाला अडखळायचे. "अडली तं अडली, आपल्याले कोनती गाडी पकडायची हाय?" असं म्हणून ते संत्रं सोलायचे आणि फोडी माझ्यापुढे ठेवायचे. काकूही, वेळ नाही वेळ नाही म्हणत, मेथी निवडायला तिथेच येऊन टेकायच्या. वाटेपलीकडे कुंती होती, हिरवी, देखणी. तिच्याकडे आम्ही इथूनच बघायचो.

उन्हाळ्यात पारडं फिरलं. नळाला पाणी जेमतेम. काका कूलरचं उरलेलं पाणी तांब्यातांब्याने हरळीला घालत, तरी वैशाखात ती पार वाळून पेंढा झाली. कुंती मात्र दोन दिवसांआड एका बादलीवर काळीभोर हिरवी, पानांवर तुकतुकी. काकूंनी एके सकाळी त्या वाळल्या लॉनवर जुनं लुगडं अंथरलं आणि सरळ कुरडया घालायला घेतल्या.

"हे काय?" काका ओरडले.

"वाळवन. तुमच्या लॉनपेक्षा वाळकी जागा अख्ख्या सक्करदऱ्यात नाही."

मी मनात म्हटलं, सुटले. कुंती जिंकली, मला काही बोलायलाच नको. पण पावसाची झड लागली आणि आठवड्यात हरळी पुन्हा उठून बसली. कुंतीनेही पांढऱ्या फुलांचे घोस काढले, त्यांचा वास आमच्या मागच्या खोलीपर्यंत. आता दोघी सारख्याच, आणि माझी झोप उडालेली.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. समोरच्या घरची सून ताटली घेऊन उभी. "काका, दुर्वा घेऊ का जी थोड्या?"

हरळी म्हणजेच दुर्वा, हे वर्षभरात काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. साहेबांच्या बंगल्यात दुर्वा मागायला कोण जाणार? पण देवाचं काम, नाही कसं म्हणायचं? "घे बापा," ते म्हणाले. तिच्यामागे दुसरी आली, तिसरी आली. तासाभरात गल्लीतल्या निम्म्या बाया हिरवळीवर होत्या आणि मुठीमुठीने उपटत होत्या. काका ओट्यावर उभे राहून नुसत्या मुठी मोजत होते.

मला राहवलं नाही. मी मध्ये जाऊन बसले. "अशा नको उपटायला. मुळासकट येतात. तीन पानांचा शेंडा नखाने खुडायचा." आमच्याकडे गणपतीत पोरी हेच काम करतात, माझा हात चालायला लागला. बाया भोवती बसल्या. मी जुड्या बांधायचे, त्या न्यायच्या, नेता नेता बसायच्या. कुणाच्या मोदकांची गोष्ट निघाली, कुणाच्या सासूची. गल्लीत एवढे दिवस मी "मागच्या खोलीतली" होते. त्या सकाळी पहिल्यांदा मला कोणी विचारलं, तुझ्या गावचा गणपती कसा असतो वं?

तेवढ्यात काकूंनी कुंतीपाशी उभं राहून आवाज दिला, "चाल, सगळ्या जमल्याच हायेत. सांगून टाक निकाल."

आमचे हे दुकानात, आजारी पडायलाही वेळ नव्हता. नळावरची ती शेजारीण माझ्याकडे टक लावून. मला रिक्षात चढलेला आमचा स्टोव्ह दिसायला लागला. खोटं बोलावं तर काकूंच्याच तोंडावर, ज्यांनी मला वारा घातला त्यांच्या. तेही जमेना.

"काकू, कुंतीच सुंदर आहे," मी म्हटलं. "उन्हाळ्यात हरळीची काय दशा झाली ती मी पाहिली. पण... हरळी ठेवा. तिच्यावर माणसं येऊन बसतात. कुंतीकडे सगळे लांबूनच बघतात."

काकांनीसुद्धा आनंद दाखवायचं धाडस केलं नाही. काकू चालत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"थरथरून काहून राहिली?"

मला रडूच फुटलं. "खोल्या सोडायला सांगाल ना? गच्चीच्या रंगावरून आधीच्या भाडेकरूला सांगितलंत तसं?"

काकू बायांकडे बघायला लागल्या. "हे कोनं सांगितलं हिले?" शेजारीण जुडी मोजायला लागली. "अवं, त्याची बदली झाली होती चंद्रपूरले, म्हनून गेला तो! गच्चीच्या रंगावरून कोनी भाडेकरू काढते का?" मग त्या धपकन माझ्या शेजारी हिरवळीवर बसल्या. "तरी पन शिक्षा तं होईनच. माह्या कुंतीले आता रोज तूच पानी टाकायचं. या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी."

बाया हसायला लागल्या. काकांनी घाईघाईने एक सतरंजी आणून आमच्यापुढे टाकली. "खाली कायले बसता, ओलं हाय," म्हणाले.

शिक्षेचा अर्थ मला बादली भरतानाच उमगला आणि नळ चालू ठेवून मी तिथेच हसत उभी राहिले.

"पानी वाया चाललं वं!" ओट्यावरून काकू ओरडल्या.